प्याल्याविना मैफल : इतिहासाची काही पाने



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी भेटायला आला होता. शाळेत असताना हुशार, पुढे पदवी घेऊन मुंबईत एका खासगी कचेरीत नोकरीला लागलेला. चहा झाला, गावच्या चार गोष्टी झाल्या. निघताना उंबरठ्याशी थांबून तो म्हणाला, "सर, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार की."

"मला दारूची ओढ नाही, सर. घरचे वळण तसे आहे आणि वर्गात तुम्हीही पुष्कळ सांगितलेत. पण शनिवारी संध्याकाळी ऑफिसातले सगळे एकत्र निघतात. मी नाही म्हणतो आणि खोलीवर येतो. खोलीत मी एकटाच. सोमवारी ते शनिवारच्या गोष्टी काढून हसत असतात. मला त्यातले काही कळत नाही. दोन वर्षे अशी काढली. आता वाटते, नुसते जाऊन बसावे. पण बसायला लागलो की किती दिवस नुसता बसेन, याची मला खात्री देता येत नाही."

वाचकहो, मी गेली काही वर्षे इतिहास शिकवतो. सनावळ्या विचारल्या तर सांगेन. पण या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. कुठे जाऊ नये हे आम्ही त्या मुलाला दहा वर्षे सांगितले. कुठे जावे हे एकदाही सांगितले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्याला उशिराने दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

आपल्या धर्मात मद्य निषिद्ध आहे हे येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. ते घरात आणि मशिदीत आपण ऐकतोच. माझा विषय त्याच्या पुढचा आहे. दारूवाचून चार माणसांत रमता येते काय? ते शिकावे लागते काय? आणि पूर्वी कोणी ते शिकले होते काय? इतिहासाची पाने चाळली असता या तिन्ही प्रश्नांना "होय" असेच उत्तर मिळते.

एका बादशहाचे पत्र

आरंभ बाबरापासून करू. बाबर हा पराक्रमी होता तसाच मैफलींचा शौकीन होता. काबूलच्या बागांत, ओढ्याकाठी, मित्रांच्या घोळक्यात झडलेल्या मद्याच्या बैठकींची वर्णने त्याने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवली आहेत. फेब्रुवारी १५२७ मध्ये, राणा संगाशी खानव्याच्या रणांगणावर गाठ पडण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी, त्याने मद्य सोडल्याची शपथ घेतली. सोन्याचांदीचे प्याले फोडून त्यांचे तुकडे गोरगरिबांना वाटले. गझनीहून नुकत्याच आलेल्या दारूत मीठ टाकून तिचा सिरका करविला. त्याच्याबरोबर सुमारे तीनशे सरदार-शिपायांनीही मद्य सोडले.

आपली पाठ्यपुस्तके येथे थांबतात. खरी गोष्ट मात्र पुढेच आहे. १५२९ च्या आरंभी बाबराने काबूलला असलेल्या आपल्या जुन्या मित्राला, ख्वाजा कलानला, एक पत्र लिहिले. त्यात तो कबूल करतो की, गेली दोन वर्षे मद्याच्या मैफलीची ओढ इतकी अनावर होत असे की कधीकधी डोळ्यांत पाणी येण्याची वेळ येई. अल्लाचे आभार मानून तो पुढे सांगतो की, यंदा तो त्रास मनातून गेला. का गेला? कदाचित काव्याच्या पुण्याईने, असे तो म्हणतो. कारण मधल्या काळात त्याने एका सूफी ग्रंथाचे तुर्की पद्यात भाषांतर करायला घेतले होते. जाता जाता तो ख्वाजा कलानलाही मद्य सोडण्याचा सल्ला देतो. जिवाभावाचे दोस्त जमले असतील तर गोष्ट वेगळी; पण तुझ्या भोवती सध्या जी मंडळी आहेत त्यांच्या संगतीत दारू सोडणे तुला जड जाऊ नये, असा चिमटाही काढतो!

विद्यार्थी मित्रांनो, हे पत्र नीट ध्यानात घ्या. चाळिशी ओलांडलेला, दिल्ली-आग्रा जिंकलेला बादशहा. त्याच्यावर हुकूम चालविणारा कोणी नव्हता. तरीही त्याला दोन वर्षे लागली. तो कशासाठी कासावीस झाला, तेही पाहा. त्याला आठवत होती ती मैफल. दोस्त, बाग, शेरोशायरी, हास्यविनोद हे सगळे त्या एका प्याल्याला बांधलेले होते. प्याला फुटल्याबरोबर मैफलही फुटली. ती दुसऱ्या रीतीने पुन्हा मांडायला वेळ लागला. आग्र्याच्या बागेत त्याने द्राक्षे आणि खरबुजे लावून घेतली, आणि हिंदुस्थानच्या मातीत ती पिकलेली पाहून त्याला केवढे समाधान झाले हे त्यानेच लिहिले आहे. १५२८ च्या डिसेंबरात यमुनेकाठी त्याने थोर मेजवानी केली. इराणी व उझबेक वकील आले, कुस्त्या झाल्या, हत्तींच्या झुंजी लागल्या, डोंबाऱ्यांचे खेळ झाले.

बाबराने सर्वच नशा सोडली असे मात्र समजू नये. माजूम तो पुढेही खात असे आणि तेही त्याने लपविलेले नाही. इतिहासात माणसे अर्धवट सुधारलेली भेटतात. तशीच ती आपल्या घरातही भेटतात. त्यांच्या अर्ध्या सुधारणेलाही अर्थ असतो.

शहजाद्याची बंदूक

याच घराण्यातील दुसरी गोष्ट दुःखाची आहे. बाबराचा नातू अकबर. त्याचा पुत्र शहजादा मुराद हा आपल्या दख्खनच्या मोहिमेवर असताना १५९९ मध्ये वारला. मद्याने तो पोखरून गेला होता. त्यानंतर दख्खनचा कारभार धाकट्या दानियालकडे आला. त्यालाही तेच व्यसन. एक मुलगा गेलेला. तेव्हा अकबराने बऱ्हाणपुरास सक्त ताकीद पाठविली, पहारे बसविले, शहजाद्याला थेंबभर दारू मिळू द्यायची नाही असा बंदोबस्त केला.

पुढे काय झाले ते दानियालच्या थोरल्या भावाने, जहांगीराने, आपल्या आठवणींत लिहिले आहे. दानियालला शिकारीचा नाद होता. त्याच्या एका आवडत्या बंदुकीला त्याने स्वतःच 'जनाजा' या अर्थाचे नाव दिले होते. तो सोबत्यांपुढे रडला, गयावया केली. आणि त्यांच्यातल्याच एकाने त्या बंदुकीच्या नळीत कडक दारू भरून ती पहाऱ्यातून आत नेली. नळीतला गंज आणि दारूगोळ्याचा अंश दारूत उतरला. १६०५ मध्ये दानियाल मरण पावला. बंदुकीचे नाव खरे ठरले.

पालकहो, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. बंदोबस्त दानियालचाच कडक होता. बाबरावर पहारा कोणाचाच नव्हता. बाबराबरोबर मद्य सोडणारे तीनशे सोबती होते. दानियालभोवतीच्या सोबत्यांपैकी एकानेही त्याच्याबरोबर प्याला खाली ठेवला नाही; उलट आणून देणारा त्यांच्यातच निघाला. बापाने दारू बंद केली, पण मुलाची बैठक तीच राहिली. हा दोष अकबरासारख्या शहाण्या बादशहाच्या हातून घडला, तर आपल्या हातून तो घडणे मुळीच अशक्य नाही.

कहव्याची बैठक

मग अशी बैठक, जिथे माणूस जागा राहील, बोलेल, हसेल, पण शुद्धीत घरी जाईल, ती जगात प्रथम मोठ्या प्रमाणावर कोणी उभी केली? याचे उत्तर ऐकून आपल्या मुलांना अभिमान वाटावा. ती उभी राहिली अरबस्तानात, एका कडू बीच्या आधाराने.

ज्याला आपली जुनी माणसे बुंददाणे म्हणत, ती कॉफी पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी मंडळी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून पीत असत. अरबीत तिला 'कहवा' म्हणतात. गंमत अशी की, हाच शब्द जुन्या अरबी काव्यात मद्यासाठी वापरला जाई. नाव जुनेच राहिले आणि आतला पदार्थ बदलला! सोळाव्या शतकाच्या आरंभी काहिरा येथे अल-अजहरच्या परिसरात राहणारे येमेनी लोक ठराविक रात्री एकत्र बसत. लाल मातीच्या मोठ्या भांड्यात कहवा असे. त्यांचा प्रमुख लहान पळीने तो काढी आणि उजवीकडून एकेकाला देत जाई.

आता १५११ सालची मक्केतील घटना पाहा. खैर बेग नावाचा अधिकारी बाजारपेठेवर आणि लोकांच्या वर्तनावर देखरेख ठेवण्याच्या कामावर होता. एका रात्री मशिदीजवळ त्याला कंदिलाच्या उजेडात काही माणसे प्याला फिरवीत बसलेली दिसली. त्याला पाहताच त्यांनी कंदील विझविले. चौकशी करता तो कहवा निघाला. तरीही खैर बेगचे समाधान होईना. त्याने विद्वानांची सभा भरविली, दोन वैद्य पुढे केले, कहवा अपायकारक ठरविला आणि बुंददाण्यांची पोती रस्त्यात जाळली. त्याचा मोठा आक्षेप असा की, या लोकांची बसण्याची रीत दारू पिणाऱ्यांसारखी आहे. पण पुढे काहिराहून सुलतानाचे जे फर्मान आले त्यात कहवा सरसकट निषिद्ध ठरविलेला नव्हता. बैठकीत गैर काही घडत असेल तर त्याला आळा घालावा, एवढाच त्याचा आशय होता. वर्षभरात खैर बेग जाऊन दुसरा अधिकारी आला आणि लोक पुन्हा उघडपणे कहवा पिऊ लागले.

खैर बेग वाईट माणूस होता असे मला म्हणायचे नाही. तो कर्तव्यदक्ष होता. पण चांगली बैठक आणि वाईट बैठक यांतला फरक त्याला ओळखता आला नाही. चार तरुण रात्री एकत्र बसून हसताना दिसले की आपल्याही मनातला खैर बेग जागा होतो, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करू.

१५५५ च्या सुमारास सीरियातून आलेल्या दोघांनी, एक अलेप्पोचा आणि एक दमास्कसचा, इस्तंबूलमध्ये कहवाखाने काढले. तेथे कोणी पुस्तक वाची, कोणी बुद्धिबळ मांडी, कवी आपली नवी रचना ऐकवीत, गोष्टी सांगणारे कथेकरी येत. लोक या जागांना 'ज्ञानाची शाळा' म्हणू लागले. अर्थात राज्यकर्त्यांना अशा जागांचा संशय येतच असे. माणसे जमली की कारभारावर बोलणारच. चौथ्या मुराद सुलतानाने १६३३ मध्ये कहवाखाने पाडून टाकले आणि मोडणाऱ्याला देहदंड ठेवला. हा सुलतान स्वतः मात्र मद्यपी होता, असे इतिहासकार सांगतात! त्याच्या पश्चात कहवाखाने पुन्हा उघडले.

हे वारे आपल्या देशातही आले. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी फकिराने मोख्याहून सात बुंददाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले, अशी परंपरा सांगते. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. पुढे औरंगाबादचा सुभेदार झालेला दर्गाह कुली खान १७४० च्या आगेमागे दिल्लीत होता. चांदणी चौकातील कहवाखान्यांत कवी जमून एकमेकांना शेर ऐकवीत, असे त्याने नोंदवून ठेवले आहे.

एका पेनीची शाळा

मुलांना वाटते, दारूवाचून बैठक ही आपल्यासारख्या सनातनी लोकांची गोष्ट. साहेबाच्या देशात हे चालायचे नाही. म्हणून आता इंग्लंडला जाऊ.

त्या काळी इंग्रज न्याहारीलाही बीअर पीत. व्यापाराची बोलणी ताडीच्या गुत्त्यासारख्या जागी बसून होत. १६५२ मध्ये पास्क्वा रोझे नावाच्या नोकराने लंडनमध्ये पहिले कॉफीगृह थाटले. त्याचा मालक तुर्कस्तानशी व्यापार करीत असे आणि कॉफीची सवय तिकडूनच घेऊन आला होता. थोड्याच वर्षांत अशी कॉफीगृहे शहरभर झाली. एक पेनी टाकावी, कॉफी घ्यावी, वर्तमानपत्र वाचावे आणि रिकाम्या जागेवर कोणाच्याही शेजारी बसावे. त्यामुळे लोक त्यांना 'पेनी विद्यापीठे' म्हणत. पूर्वी कारकून आणि उमेदवार सकाळीच बीअर घेऊन कामाला निरुपयोगी होत. आता ते शुद्धीत राहून गप्पा करतात, अशा अर्थाचा शेरा त्या वेळच्या एका लेखकाने मारला आहे.

दुसऱ्या चार्ल्स राजालाही खैर बेगप्रमाणेच या बैठकी खटकल्या. २९ डिसेंबर १६७५ रोजी त्याने कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला. एवढी ओरड झाली की तो अमलात येण्यापूर्वीच, ८ जानेवारीला, मागे घ्यावा लागला. एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जहाजांचे मालक आणि विमा उतरविणारे बसत. त्यातूनच जगप्रसिद्ध 'लॉइड्स' ही विम्याची बाजारपेठ उभी राहिली. जोनाथनच्या कॉफीगृहात रोख्यांचे भाव ठरत. लंडनच्या शेअरबाजाराचे मूळ तेथे आहे. शुद्धीत असलेली माणसे एका टेबलाशी रोज बसू लागली म्हणजे काय घडू शकते, याचा हा पुरावा.

इंग्रजांनी यामुळे दारू सोडली असे नव्हे. पुढे कॉफीगृहे मागे पडली, श्रीमंतांचे खासगी क्लब झाले, आणि गरिबाला गुत्ताच उरला. १८३० मध्ये तर असा कायदा झाला की, कर भरणाऱ्या कोणीही दोन गिनी भरून बीअरचे दुकान काढावे. गिरणीकामगाराचे घर म्हणजे एक अंधारी खोली. गुत्त्यात शेकोटी, दिवा, वर्तमानपत्र आणि सोबती. पुष्कळ ठिकाणी पगारसुद्धा गुत्त्यातच वाटला जाई. तो वाटू नये म्हणून १८८३ मध्ये कायदा करावा लागला!

प्रेस्टनचे सात जण

अशा काळात प्रेस्टन या गिरण्यांच्या गावी जोसेफ लिव्हसी नावाचा चीजविक्या होता. लहानपणी आईबाप गेलेले, तळघरात माग चालवीत असता मागावर पुस्तक ठेवून शिकलेला. १ सप्टेंबर १८३२ रोजी त्याने आणि सहा साथीदारांनी कोणतीही दारू न पिण्याच्या शपथेवर सह्या केल्या. पण लिव्हसीने केवळ सह्यांवर भागविले नाही. जेथे कोंबड्यांच्या झुंजी लागत, त्या जुन्या जागेत त्यांच्या सभा भरू लागल्या. सुटलेले दारुडे स्वतः उठून आपल्या भाषेत आपली कहाणी सांगत. मोठमोठ्या चहापार्ट्या होत. बायकामुलांसह कुटुंबे टेबलाशी बसत. मला यातली खुबी ही वाटते की, गुत्त्यातल्या प्रत्येक सुखाला त्यांनी बदली सुख शोधले.

लेस्टरजवळ राहणाऱ्या टॉमस कुक नावाच्या सुताराला हेच सुचले. सुट्टीच्या दिवशी कामगार पितो, कारण त्याला दुसरे काही करायला नसते. मग त्याला आगगाडीने सहलीला का नेऊ नये? ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे पाचशे माणसे लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या मेळाव्याला नेली. भाडे एक शिलिंग. बँड, चहा, खेळ, भाषणे, आणि रात्री सगळे शुद्धीत परत. या सहलीतूनच पुढे जगभर प्रवासी नेणारी 'टॉमस कुक' ही कंपनी वाढली. ती २०१९ मध्ये बुडाली, पण तोवर पावणेदोनशे वर्षे चालली.

कॉफी वाईट, उपदेश फार

यशाबरोबर अपयशही सांगणे अगत्याचे आहे, कारण शिक्षक-पालकांना त्यातून अधिक शिकता येईल. १८७० नंतर इंग्लंडमध्ये भल्या माणसांनी कामगारांसाठी शेकडो कॉफीगृहे काढली. त्यांतली बरीच बुडाली. कारण काय? कॉफी बेचव, जागा उदास आणि उपदेश फार! आपल्याला सुधारण्यासाठी कोणीतरी टपून बसले आहे, असे वाटले की माणूस तेथे पाऊल टाकीत नाही. ही गोष्ट मी माझ्या स्वतःच्या कानाला लावून घेतली आहे.

टिकली ती एमा कॉन्स या बाईची जागा. लंडनच्या लॅम्बेथ भागात गरिबांच्या चाळींची व्यवस्था पाहताना तिने दारूने मोडलेले संसार पाहिले होते. तिने वस्तीतले एक बदनाम नाटकघर भाड्याने घेतले आणि डिसेंबर १८८० मध्ये दारूविना करमणुकीचे सभागृह म्हणून उघडले. आरंभी तोटा झाला. तिने धीर सोडला नाही. गाणी, खेळ आणि १८८२ पासून एका पेनीत विज्ञानाची व्याख्याने! ती व्याख्याने इतकी रुचली की, त्यांतून १८८९ मध्ये कामगार स्त्री-पुरुषांसाठी मॉर्ली कॉलेज निघाले. ते कॉलेज आजही आहे, आणि ते नाटकघर 'ओल्ड व्हिक' या नावाने नाट्यजगतात विख्यात झाले. आधीच्या कहवाखान्यांत आणि कॉफीगृहांत एक मोठी उणीव होती: त्या बैठकी पुरुषांच्या होत्या. एका बाईने ती भरून काढली. दारूचा सर्वांत मोठा भार घरातली बाई वाहते. तेव्हा दारूविना आनंदात तिचाही वाटा असलाच पाहिजे.

आपल्या अंगणात

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी शहरात दारूची दुकाने वाढण्याविरुद्ध पत्र लिहिले होते. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हेतू उत्तम होता. पण हातभट्ट्या गल्लोगल्ली लागल्या आणि पुढे परवान्यांचे नियम सैल झाले. दानियालच्या बंदुकीची गोष्ट पुन्हा घडली, एवढेच म्हणतो.

मात्र याच मुंबईत दारूविना बैठकीची एक उत्तम जागा होती, ती म्हणजे कोपऱ्यावरचे इराणी हॉटेल. पारशी आणि मुसलमान अशा दोन्ही इराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती काढली. संगमरवरी टेबल, ब्रुन-मस्का आणि एक पानी कम चाय. गिरणीकामगार, वकील, लेखक, टॅक्सीवाला असे सगळे त्याच टेबलाशी बसत. कोकणातून मुंबईला गेलेल्या आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांनी आपल्या संध्याकाळी तेथे घालविल्या. आता ती हॉटेले थोडी उरली. काहींच्या तर परमिट रूम झाल्या. जागा गेली की सवय जाते, आणि रिकाम्या जागी दुसरे कोणीतरी येऊन बसते.

तरीही ही कला आपल्याला परकी नाही. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाटीभोवती दिवसभर माणसे येतात-जातात; कोणाला प्याल्याची आठवण होत नाही. उरुसाची कव्वाली पहाटेपर्यंत रंगते. शेजारच्या हिंदू बांधवांची कोजागरी आटीव दुधावर मध्यरात्र जागविते आणि आपल्यालाही बोलावणे असते. मग ज्याला वर्षातून चार रात्री हे जमते, त्याला आठवड्यातून एक संध्याकाळ का जमू नये?

मग काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम तुमच्याशी बोलतो. उद्या नोकरीवर गेलात आणि तुम्हाला कोणी आग्रह केला, तर लांबलचक कारणे देऊ नका. "मी घेत नाही, मला लिंबू सरबत सांगा" एवढे हसून म्हणा. पिणाऱ्याचा तिरस्कार करू नका. तोही सोबतच शोधतो आहे. आणि दर वेळी तुम्हीच पाहुणे होऊ नका. कधी यजमान व्हा. सहल काढा, सामन्याला चला, जेवायला बोलवा. सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखे वाटेल. बाबराला दोन वर्षे लागली. तुम्हाला दोन महिने लागले तर बिघडले कुठे?

पालकहो, मुलगा संध्याकाळी कुठे जातो हे विचारता, ते योग्यच आहे. पण त्याचे चार मित्र आपल्या घरी येऊन मोकळेपणाने बसू शकतात काय, हेही स्वतःला विचारा. ज्याच्या घरात मित्राला जागा नसते, त्याचे मित्र बाहेरच जमतात.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी पुढे पत्र लिहून यातल्या बऱ्याच गोष्टी कळविल्या. त्याचा महिन्याभराने फोन आला. गावच्या मंडळाच्या खोलीत शनिवारी तो आणि आणखी तिघे मिळून मटण शिजवतात, नंतर कॅरम मांडतात. ऑफिसातला एक सहकारीही दोनदा येऊन गेला. "सर, सुरुवातीला कोणाला काय बोलावे तेच सुचेना," तो म्हणाला. "आता रात्रीचे बारा वाजतात तरी कोणी उठत नाही."

यात फार मोठे काही घडले असे मी म्हणत नाही. चौघांचे पाच झाले, इतकेच. प्रेस्टनला सात होते.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना या स्मरणिकेच्या निमित्ताने माझी एक नम्र विनंती आहे. आपल्या शाळेची इमारत संध्याकाळी सहाला कुलूपबंद होते. दर शनिवारी त्यातली एक खोली रात्री दहापर्यंत उघडी राहावी. वर्तमानपत्रे, चार मासिके, दोन कॅरम, एक बुद्धिबळाचा पट. महिन्यातून एकदा शेरोशायरी किंवा एखादे व्याख्यान. माताभगिनींसाठी आणि मुलींसाठी वेगळा वार किंवा वेगळी वेळ हवी असल्यास तीही ठरवावी. तेथे कोणी उपदेश करू नये. मीसुद्धा करणार नाही. चहा मात्र चांगला असावा. पहिल्या शनिवारच्या चहाचा खर्च माझ्याकडे.